शेवटचा ड्रॉप

२००८ साली मी हिंजवडीत रात्रपाळीला लागले, तेव्हा मला सांगितलेला पहिला नियम गाडीचा होता. ट्रान्स्पोर्ट डेस्कवरच्या दादांनी रोस्टरचा कागद पुढे केला, माझ्या नावाखाली पेनानं रेघ मारली आणि म्हणाले, "मॅडम, पहिला पिकअप लेडीजचा नसतो आणि शेवटचा ड्रॉप लेडीजचा नसतो. तसं झालं तर गाडीत बसायचं नाही. खाली उतरायचं आणि मला फोन करायचा."

हा नियम कुठून आला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या वर्षी पुण्यात कुणाला ते विचारावं लागत नव्हतं. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री इथल्याच एका बीपीओतली तरुणी कामावर जायला कंपनीनं ठरवून दिलेल्या गाडीत बसली होती. गाडीत ड्रायव्हर आणि त्याचा मित्र. ऑफिसला ती पोचलीच नाही. तिचा मृतदेह गहुंजेच्या शिवारात सापडला. त्या खटल्यात दोघांना फाशीची शिक्षा झाली. अंमलबजावणीला फार उशीर झाला म्हणून २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयानं ती शिक्षा ३५ वर्षांच्या कैदेत बदलली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोच निकाल कायम ठेवला. सतरा वर्षं ती केस चालू होती. तेवढ्या वर्षांत मी नोकरी धरली, सोडली, लग्न केलं, घर बदललं. पेपरात त्या केसची चार ओळींची बातमी आली की दर वेळी मला तो रोस्टरचा कागद आठवायचा.

माझ्या गाडीत वाटेच्या हिशेबानं शेवटचा ड्रॉप धनकवडीचा, म्हणजे माझा. नियमाप्रमाणे माझ्यानंतर गाडीत कुणीतरी पुरुष सहकारी उरायला हवा. तो असायचा बावधनचा. आणि बावधन तर वाटेवरच, सगळ्यात आधी लागायचं. गाडी त्याच्या सोसायटीच्या फाटकासमोरून जायची, तो मान वळवून फाटकाकडे बघायचा, आणि आम्ही पुढे. कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रस्ता असं एकेक जण उतरत जायचं. पहाटे साडेतीनला मला सोडून तो त्याच गाडीनं पुन्हा बावधनला परत. खिडकीच्या काचेवर डोकं टेकून झोपायचा. काच थंड लागते म्हणून त्यानं रुमालाची घडी केलेली असायची. ती घडी दीड वर्षं मी रोज बघितली. एकदाच बोलला, तेही तक्रार म्हणून नाही. "आई आता दार उघडायला उठत नाही. किल्ली घेऊन जा म्हणाली."

मी त्याचे कधी नीट आभार मानले नाहीत. नियमच आहे, त्यात काय, असं वाटायचं. आज कळतं की मी सुखरूप घरी पोचत होते त्याची किंमत कुणीतरी भरत होतं आणि तो माझ्याच वयाचा, माझ्याइतकाच थकलेला एक मुलगा होता.

हे सगळं वर आलं ते माझ्या भावाच्या, दादाच्या घरी, एका रविवारी. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०२५ मध्ये ॲपवरच्या टॅक्सीसेवांच्या नियमांत भर घातली, की प्रवाशाला स्वतःच्याच लिंगाचा चालक निवडण्याची सोय ॲपमध्ये असावी, उपलब्धतेनुसार. दादानं ती बातमी घरच्या ग्रुपवर टाकली होती. माझी भाची खराडीत नोकरी करते, शिफ्ट संपायला कधी दहा वाजतात, कधी साडेअकरा. दादाला वाटलं, सुटलो एकदाचे. पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाला, "आता प्रश्नच मिटला. यापुढे महिला चालकच निवडायची. दुसरी गाडी करायचीच नाही."

भाचीनं काही न बोलता फोन काढला. तिच्याकडच्या एका ॲपमध्ये तसा पर्याय आहे, तो लावला आणि फोन त्याच्यापुढे धरला. सकाळी अकराची वेळ, सुट्टीचा दिवस, आणि सगळ्यात जवळची बाई सतरा मिनिटांवर. "बाबा, हे आत्ताचं. शुक्रवारी रात्री साडेअकराला किती दाखवेल? ऑफिसचं गेट बंद झाल्यावर मी तेवढा वेळ फूटपाथवर उभी राहू का? तिथे उभं राहण्याची भीती गाडीतल्या भीतीपेक्षा कमी नसते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्या, मला काही निवडायचं नाहीये गं. मला नुसतं घरी यायचंय."

दादाला काय बोलावं सुचेना. बोलली ती वहिनी.

वहिनी माहेरची डोंबिवलीची. लग्नाआधी नऊ वर्षं तिनं लोकलनं नोकरी केली. तिचं म्हणणं असं की पर्याय हवाच, यात वाद कसला? "लेडीज डब्यात चढताना आम्हाला कुणी विचारलं नाही की बाई, तुझा पुरुषांवर विश्वास नाही का. डबा समोर आला, चढलो. फलाटावरच्या पुरुषांना त्यात अपमान वाटला नाही." आणि हे खरंच आहे. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यात बायकांसाठी जागा राखायची तरतूद आहे. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली, तेव्हा अख्खी गाडीच बायकांची झाली. घटनेच्या पंधराव्या कलमानं लिंगावरून भेदभाव करायला मनाई केली, आणि त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमानं स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी विशेष तरतूद करायची मोकळीकही ठेवली. घटना लिहिणाऱ्यांना यात विसंगती दिसली नाही. मलाही दिसत नाही.

पण वहिनी पुढे जे बोलली ते मी घरी घेऊन आले. "मात्र रात्री अकराच्या पुढे लेडीज डब्यात आम्ही दोघीतिघीच उरलो, की मी ठाण्याला उतरून पळत जनरलच्या डब्यात चढायचे. रिकाम्या लेडीज डब्यासारखी भीती कशाचीच नाही. ज्या दिवशी डब्यात पोलीस असायचा त्या दिवशीच मी बसून राहायचे."

डबा बायकांचा आहे एवढ्यानं कुणी सुरक्षित होत नाही. तो बायकांनी भरलेला असतो तेव्हा होतं. आणि तो भरलेला नसतो तेव्हा तिथे माणूस नेमावा लागतो, त्याला पगार द्यावा लागतो. ॲपच्या पर्यायाची नेमकी इथेच अडचण आहे. संध्याकाळी सहाला, जेव्हा त्याची गरज कमी, तेव्हा तो चालतो. रात्री एकला, जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हा पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं.

दुसरी बाजू मी एका ड्रायव्हरकडून ऐकली. बीड जिल्ह्यातले, पन्नाशीचे, सहा वर्षांपासून पुण्यात गाडी चालवणारे. मी बसले तेव्हा अंधार पडला होता. मी दार लावताच त्यांनी गाडीतला आतला दिवा लावला आणि तो शेवटपर्यंत चालूच ठेवला. काचेवर उजेडाची तिरीप पडून त्यांना समोरचं नीट दिसत नसणार. मी म्हटलं, "दिवा बंद केलात तरी चालेल." म्हणाले, "राहू द्या ताई. बाहेरच्याला आतलं दिसलेलं बरं असतं. आमच्यासाठीपण."

मग मीच विषय काढला. ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, "तुम्ही नको म्हटलेलं मला कळत नाही. ॲप ते सांगत नाही. पण महिन्याच्या शेवटी हप्ता भरताना कळेल. एकानं पाप करायचं आणि दंड सगळ्यांनी भरायचा." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. माणूस दुखावला की बोलतो तसा होता.

मी त्यांना पटकन उत्तर दिलं नाही आणि अजूनही त्यांचं म्हणणं हलकं घेत नाही. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२५ मध्ये पुरुष चालकांनी हीच गोष्ट घेऊन उबर आणि लिफ्ट या टॅक्सी-ॲपच्या कंपन्यांविरुद्ध कोर्टात धाव घेतली. बाईला बाई निवडू दिली की आमच्या वाट्याच्या फेऱ्या जातात, हा आमच्याशी भेदभाव आहे, असं त्यांचं म्हणणं. पोटाचा प्रश्न आहे, तो खरा आहे. तरीही माझं मत ठाम आहे. त्या काकांचं दुखणं आणि माझ्या भाचीची भीती एका पारड्यात घालता येत नाही. त्यांची एक फेरी जाईल. तिचं काय जाऊ शकतं ते पुण्याला ठाऊक आहे, दिल्लीला ठाऊक आहे. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲपवरून केलेल्या टॅक्सीत जी घटना घडली, त्यातल्या चालकावर आधीही गुन्हे दाखल होते आणि चारित्र्याचा दाखला बनावट होता. तो दाखला कुणी तपासला असता तर ती तरुणी त्या गाडीत बसलीच नसती. म्हणून काकांना माझं एवढंच सांगणं होतं: तुमच्यावर संशय येतो तो आम्ही पर्याय निवडतो म्हणून येत नाही, तुमच्या शेजारी नीट न तपासलेला माणूस गाडी चालवतोय म्हणून येतो. तपासणी कडक झाली तर ती तुमच्याच बाजूची आहे. ते "हं" म्हणाले. पटलं की नाही कळलं नाही. उतरताना मात्र म्हणाले, "दार उघडेपर्यंत थांबतो."

बाहेरच्या देशांत हा पर्याय कसा आला ते मी वाचत गेले, आणि एका गोष्टीपाशी थांबले. सौदी अरेबियात जून २०१८ मध्ये बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी उबरनं तिथे एक सोय सुरू केली. ती सोय प्रवाशांसाठी नव्हती, चालक बायकांसाठी होती. आपल्याला बाई प्रवासीच हवी, असं चालक ठरवू शकत होती. म्हणजे उबरची ही कल्पना जिथून निघाली तिथे विचार आधी स्टेअरिंगवरच्या बाईचा झाला होता. अमेरिकेत लिफ्टनं २०२३ च्या सप्टेंबरात आणलं तेही दोन्हीकडून, प्रवासी बाईलाही आणि चालक बाईलाही, आणि स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणाऱ्यांनाही त्यात जागा ठेवली. (आपल्याकडे तृतीयपंथी प्रवाशाला रात्री गाडी मिळणं हा वेगळाच छळ आहे, त्यांना "तुमच्याच लिंगाचा चालक" देणारं ॲप काय देणार, हा प्रश्न नियम लिहिताना कुणी विचारला असेल का, याची मला काळजी वाटते.) उबरनं जुलै २०२५ मध्ये लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि डेट्रॉइटमध्ये सुरुवात केली. तिथे पाचातला एक चालक बाई असते. एवढ्या बायका असूनही कंपनी सांगते की पसंती नोंदवा, हमी नाही. मग आपल्याकडचं काय सांगावं.

आणखी एक. उबरनंच २०१९ च्या शेवटी अमेरिकेतला आपला अहवाल काढला. २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत लैंगिक अत्याचाराच्या पाच गंभीर प्रकारांच्या ५,९८१ तक्रारी. आपण धरूनच चालतो की करणारा चालक आणि सोसणारी प्रवासी. त्या अहवालात जवळजवळ निम्म्या प्रसंगांत आरोप प्रवाशावर होता. मागच्या सीटवर कोण येऊन बसेल हे चालक बाईला ठाऊक नसतं आणि ती पाठमोरी असते.

पाठमोरी. हा शब्द मला त्या बाईंमुळे लागला.

गेल्या पावसाळ्यात खराडीहून कर्वेनगरला यायला रात्री दहा पंचविसाला मला गाडी मिळाली ती एका बाईंची. मी काही पर्याय वगैरे निवडला नव्हता, योगानंच. पस्तिशीच्या असतील. अंगावर पिवळसर कुर्ता, केस घट्ट वर बांधलेले, हॅण्डब्रेकच्या बाजूला एक लिटरची पाण्याची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. पाऊस कोसळत होता, येरवड्याच्या पुढे गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या, आणि आम्ही बोलायला लागलो. दहावीपर्यंत शिक्षण, नवऱ्याची नोकरी टाळेबंदीत गेली, आधी शाळेच्या व्हॅनवर होत्या, मग ही गाडी कर्जावर.

मला घसा खाजून खोकला आला. त्यांनी लगेच बाटली मागे दिली. "घ्या ताई, भरलेलीच आहे. मी पीत नाही." मी विचारलं, दिवसभर? "सात वाजेपर्यंत पिते. सातनंतर बंद. जायचं कुठे? पंपावर बायकांच्या संडासाला कुलूप असतं, चावी आत पोराकडे. रात्री एकटीनं जाऊन चावी मागायची म्हणजे..." वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाल्या, "उन्हाळ्यात मूतखड्याचा त्रास झाला. डॉक्टर म्हणाले पाणी प्या. पिते की, सकाळी."

बाटलीचं झाकण कंपनीचंच होतं, कडी न तुटलेली. मी ती उघडली तेव्हा कट्ट आवाज आला.

मी त्यांना सांगितलं की आता ॲपवर बाई चालक निवडायची सोय येतेय, बायका तुम्हालाच निवडतील, तुमचा धंदा वाढेल. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "वाढेल ना. रात्रीचाच वाढेल. दिवसा बायका कुणाच्याही गाडीत बसतात. रात्री एकला त्यांना मी लागणार." त्यात कडवटपणा नव्हता, हिशेब होता. "आणि त्यांना सोडलं की तिथून मी एकटी परत. वाघोली म्हणा, पिरंगुट म्हणा, परतीचं भाडं मिळत नाही रात्रीचं. कॅन्सल केलं की रेटिंग जातं."

मी गप्प बसले. सतरा वर्षांपूर्वीचा रुमालाची घडी केलेला मुलगा डोळ्यासमोर आला. त्याच्यासोबत निदान ड्रायव्हर तरी होता.

आपण ज्याला बायकांसाठी सोय म्हणतो, तिचा भार एका बाईवरून काढून दुसऱ्या बाईवर टाकतोय, आणि ही दुसरी बाई पहिलीपेक्षा गरीब आहे, कर्जात आहे, तहानलेली आहे. हे मला सहन होत नाही. म्हणून मी पर्यायाच्या बाजूनं असूनही त्या बातमीवर दादासारखी खूश होऊ शकत नाही. बाईला बाई चालक द्यायची असेल तर आधी चालक बाया तयार व्हाव्या लागतात आणि त्या रात्री रस्त्यावर टिकाव्या लागतात. राज्य सरकारच्या गुलाबी ई-रिक्षा योजनेत किमतीच्या २० टक्के शासन देतं, ७० टक्के बँकेचं कर्ज आणि १० टक्के बाईचे स्वतःचे. चांगली सुरुवात आहे, मनापासून वाटतं. पण रिक्षा हातात आली की पुढचं तिचं तिनं बघायचं. पंपावरच्या कुलपाचं कोण बघणार? रात्रीच्या परतीच्या रिकाम्या फेरीचे पैसे प्रवाशानं नाही तर कंपनीनं का देऊ नयेत? रात्री अकरानंतर आपल्यालाही बाई प्रवासीच हवी असं चालक बाईला म्हणता यावं आणि त्याचा तिच्या रेटिंगवर ओरखडाही उठू नये, एवढं ॲप लिहिणाऱ्यांना अवघड नसावं. आणि तिनं मदतीचं बटण दाबलं तर पलीकडे जिवंत माणसानं, मराठीत, उचलावं. मंत्रालयाचा नियम "उपलब्धतेनुसार" या शब्दावर येऊन थांबतो. माझ्या मते खरा नियम त्या शब्दापासून सुरू व्हायला हवा होता.

गाडी आमच्या गल्लीत आली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. पाऊस थांबला होता. मी उतरताना विचारलं, "तुम्ही आता कुठे?" म्हणाल्या, "फुरसुंगी. आता घरीच. पोचेन बारापर्यंत."

"पोचलात की एक मिस्ड कॉल द्याल?"

त्या हसल्या. "कसा देऊ? तुमचा नंबर आम्हाला दिसत नाही. फेरी संपली की लाइन बंद होते." हे मला माहीत होतं, आणि ते माझ्याच भल्यासाठी केलंय हेही माहीत होतं. माझा नंबर कुणा अनोळखी चालकाच्या हाती राहू नये म्हणून. मी पर्समधून कागद काढायला लागले तर त्यांनी हातानं नको केलं. "जा ताई, वर जा. खिडकीत दिवा लागेपर्यंत मी आहे इथे."

मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन हॉलचा दिवा लावला, खिडकीशी आले. खाली गाडीचा एक इंडिकेटर दोनदा मिचकला आणि ती गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळली. फोनवर फेरी पूर्ण झाल्याचा संदेश आला होता. नकाशावरची गाडी नाहीशी झाली होती, तारे किती देता म्हणून विचारत होतं.

मी पाच तारे दिले. मग चहा टाकला आणि बारा वाजेपर्यंत खिडकीशी बसून राहिले.